न फिरवायचे नळकांडे

मी एक जुने नळकांडे आहे. भिंतीतून पाणी नेणारे नव्हे आणि गच्चीवरून ते खाली आणणारेही नव्हे. माझ्यातून आजवर काहीच वाहिलेले नाही. माझी उंची तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत, रंग राखाडी, आणि अंगाला समोरासमोर दोन चौकोनी खिडक्या कापलेल्या. माझ्या काठाला तडा गेला आहे. कमरेभोवती मातीचा एक पिवळट वेढा कायमचा बसला आहे, तो कितीही घासला तरी निघत नाही. सध्या मी एका व्हरांड्यातल्या फळीवर आडवे पडून असते. माझ्या पोटात एका कोळ्याने संसार थाटला आहे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार दुसरीच आहे. मित्रांनो, वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावे, कष्टाचे दिवस हसून सांगावेत आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळे व्हावे, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. मी रागावलेले आहे. हा राग मी बरेच दिवस पोटात ठेवला, कारण रागावून बोलणाऱ्याचे कोणी नीट ऐकत नाही. आणि मला नीट सांगता येईल की नाही, याचीही मला शंका आहे. तरी सांगते.

माझा जन्म उरल्यासुरल्यातला. एका संशोधन संस्थेत हात धुण्याची नवी भांडी बसवली, तेव्हा नळाचे काम करणारा माणूस एक लांबलचक पाइप मागे ठेवून गेला. तो जिन्याखाली धूळ खात पडला होता. तिथून तो एका बाईंनी उचलला. या बाई झाडांच्या अभ्यासक होत्या. झाडे, त्यांच्या मुळांशी राहणारी बुरशी आणि त्यांची पाने खाणारे किडे, या तिघांचे आपसांत काय चालते, हे शोधून काढणे हे त्यांचे काम.

बाईंनी पाइप कॉरिडॉरमध्ये आडवा घातला, त्यावर एक पाय ठेवला आणि करवतीने त्याचे तुकडे करायला बसल्या. त्यातला एक तुकडा मी. येणारे-जाणारे थांबून बघत होते. कार्यालयातले एक कारकून म्हणाले, "काय बाई, नळाचं काम घेतलंत वाटतं? आमच्याकडचाही गळतोय."

"आणा की," बाई मान वर न करता म्हणाल्या, "पण मी गळणं थांबवत नाही, भोकं पाडते."

आमच्या खिडक्यांना जाळी बसवायची होती. साधीसुधी जाळी नव्हे. इतकी बारीक, की रोपाचे केसासारखे मूळसुद्धा तिच्यातून पलीकडे जाऊ नये. ती कात्रीखाली सरळ राहीना, आणि डिंकाने चिकटवली तर सुरकुतायची. शेवटी बाई आम्हा सगळ्यांना पिशवीत भरून घरी घेऊन गेल्या. बाईंच्या आईचे शिवणाचे वर्ग होते. आईंनी मला हातात घेऊन उलटेसुलटे केले आणि चष्म्यावरून लेकीकडे पाहिले.

"हे कोणाला घालायचं?"

"कोणाला नाही गं. या खिडक्यांवर जाळीची बाही चढवून दे. आणि टाका असा घाल की त्यातून मूळ जाता कामा नये."

"माझ्या टाक्यातून आजवर काही गेलं नाही. तुझे बाबा पैसे लपवायचे कोटाच्या अस्तरात, मी टाका घातला आणि त्यांनाच काढता येईनात."

आईंनी डोळ्यांत तेल घालून आम्हाला एकेक बाही शिवली. काठावर दुमड घातली. मित्रांनो, माझ्या अंगावरची ती शिवण आजही उसवलेली नाही. माझ्या आयुष्यात जे काही चांगले झाले त्याची सुरुवात त्या शिवणीपासून झाली, असे मी समजते.

आता माझे काम सांगते. ते समजले नाही तर माझा राग तुम्हाला समजणार नाही.

संस्थेच्या मागे एक काचघर होते. त्यात एका लांब टेबलावर मातीने भरलेले टब ओळीने मांडलेले होते. प्रत्येक टबात आमच्यापैकी एकेकाला गळ्यापर्यंत पुरले होते. माझ्या आतल्या मातीत घेवड्याचे एक रोप होते आणि माझ्या बाहेर, टबातल्या मातीत, दुसरे. दोघे शेजारी, पण मध्ये मी भिंतीसारखे उभे. त्यांची मुळे माझ्या जाळीपर्यंत येत आणि तिथेच अडत. पण बुरशीचे धागे अडत नसत.

बुरशी म्हटले की तुम्ही नाक मुरडता. शिळ्या पावावरचे हिरवे डाग आठवता. ती बुरशी वेगळी. ही बुरशी रोपांच्या मुळांशी राहते, त्यांच्याकडून साखर घेते आणि त्या बदल्यात मुळे जिथे पोचत नाहीत तिथून स्फुरदासारखे अन्न आणि पाणी आणून देते. तिचे धागे इतके नाजूक असतात की कोळ्याचे जाळे त्यांच्यापुढे दोरखंड वाटावे. माझ्या खिडकीतून पहिला धागा आत आला तो क्षण मला आठवतो. गुदगुली झाल्यासारखे वाटले. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि पाहता पाहता माझ्या दोन्ही खिडक्यांमधून ये-जा सुरू झाली. बाहेरचे रोप आणि आतले रोप एकमेकांना जोडले गेले, आणि ते माझ्यातून. मी नुसते नळकांडे, पण त्या दिवसांत मला कोणीतरी मोठे झाल्यासारखे वाटत होते.

बाईंचा प्रश्न असा होता. बाहेरच्या रोपाला अळ्या खाऊ लागल्या, तर या धाग्यांवाटे आतल्या रोपाला त्याची खबर जाते का? खबर गेली तर आतले रोप आधीच सावध होईल, आपली पाने कडू करील, आणि अळी तिथे आली तर तोंड फिरवून निघून जाईल. ही चुगली हवेतून, वासावाटे होऊ नये म्हणून अळ्या सोडताना प्रत्येक रोपावर पारदर्शक पिशवीचा बुरखा चढवायचा होता.

पण खबर धाग्यांवाटेच गेली, हे सिद्ध कसे करायचे? तिथे बाईंनी युक्ती केली होती. आमच्यापैकी निम्म्यांच्या काठावर लाल पट्टी होती आणि निम्म्यांच्या काठावर पांढरी. दर सोमवारी सकाळी बाई येत आणि लाल पट्टीवाल्या प्रत्येकाला हाताने पाव वेढा देत. नळकांडे फिरले की खिडकीतले धागे तटातट तुटत. म्हणजे लाल पट्टीवाल्या टबांत दोन्ही रोपे शेजारी असूनही परकी. आम्हा पांढऱ्या पट्टीवाल्यांना मात्र कोणी बोटही लावायचे नाही. काचघराच्या दारावर पाटीच होती, 'हात लावू नये'.

माझी पट्टी पांढरी होती. हलायचे नाही, एवढेच माझे काम. जगात यापेक्षा सोपे काम कोणाला मिळाले असेल असे वाटत नाही, आणि ते मी मनापासून करत होते.

टबांना पाणी घालायला एक काका होते. सगळे त्यांना पाणीकाका म्हणत. ते टबाच्या मातीत बोट खुपसून पाहत, मग झारीने पाणी घालत, आणि घालताना रोपांशी बोलत. "तू जरा कमी पी," असे एखाद्याला दटावत. बाई हसून म्हणत, "काका, सगळ्यांना सारखंच हं." तेव्हा काका म्हणत, "सारखंच देतो बाई, नुसतं बोलायला काय जातं?"

इथवर सगळे चांगले होते.

अळ्या सोडायला दोन दिवस उरले होते. नेमके त्या दिवशी संस्थेत पाहुणे यायचे होते. संशोधनाला मदत देणारे, सोबत फोटो काढणारा. बाई त्या सकाळी अळ्या आणायला बाहेर गेल्या होत्या. पाणीकाकांना फुलांच्या कुंड्या दारापाशी मांडायला धाडले होते. आणि काचघरात संस्थेचे प्रमुख आले. मोठे साहेब. अत्तराचा वास आणि नव्या बुटांचा आवाज.

साहेब दारात उभे राहिले आणि त्यांनी टेबलाकडे पाहिले. रोपे उजेडाकडे झुकतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. उजेड समोरच्या काचेतून येत होता, त्यामुळे सगळी रोपे तिकडे कललेली. दारातून पाहणाऱ्याला त्यांच्या पाठी दिसत. साहेबांना ते रुचले नाही.

"छे, छे," ते स्वतःशीच म्हणाले, "पाहुण्यांकडे पाठ?"

त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. टब जड होते, ते हलेनात. मग त्यांचा हात आमच्या काठांवर आला. पहिल्याला अर्धा वेढा. दुसऱ्याला अर्धा वेढा. लाल पट्टी, पांढरी पट्टी, त्यांच्या लेखी सगळे सारखेच. ते गुणगुणत होते. काम आनंदाने चालले होते.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते. त्यांची बोटे माझ्या काठाभोवती बसली, चिमटीने घट्ट धरावे तशी, आणि मी फिरले. मी ज्यासाठी होते, त्याच्या नेमके उलटे मला करायला लावले. माझ्या खिडक्यांमधले धागे एका दमात तुटले. कितीतरी आठवडे ते एकेक करून आले होते. तुटताना आवाज होत नाही. म्हणून तर कोणाला कळत नाही.

साहेबांनी हात झटकले, मागे सरून पाहिले, आणि म्हणाले, "आता कसं." आतली रोपे दाराकडे तोंड करून उभी होती. पाहुणे आले, फोटो निघाला, पाहुणे गेले. साहेबही गेले. बाईंना त्यांनी वाटेत पाहिले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, काचघर फारच आवडलं त्यांना." एवढेच म्हणाले.

बाईंनी रोपांची तोंडे बदललेली पाहिली नसतील का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. पण रोपे एका दिवसात पुन्हा उजेडाकडे वळू लागतात. बाई परत आल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती, हातात अळ्यांचे डबे होते, आणि डोक्यात पुढच्या दिवसांचे काम होते. त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

ठरल्याप्रमाणे अळ्या सोडल्या. बाहेरच्या रोपांची पाने जाळीसारखी झाली. मग बाईंनी आतल्या रोपांची पाने खुडून भुकेल्या अळ्यांपुढे ठेवली. लाल पट्टीवाल्यांची पाने अळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. तसे होणारच होते. मग आमची पाने ठेवली. पांढऱ्या पट्टीवाल्यांची. बाई खुर्ची ओढून समोर बसल्या होत्या. अळी पानाच्या काठावर आली, डोके हलवले, आणि खायला लागली. दुसरीही. तिसरीही. अळ्यांनी आमची पाने तशीच फस्त केली.

 बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिले. त्यांच्या कितीतरी वर्षांच्या मेहनतीचे उत्तर आले होते, 'काही होत नाही'. आणि ते उत्तर खोटे होते. खोटे आहे हे त्या काचघरात फक्त आम्हाला माहीत होते, आणि आम्ही नळकांडी.

पुढच्या आठवड्यात साहेब काचघरात आले. त्यांचा सूर मायेचा होता, म्हणून मला त्यांची जास्त चीड आली.

"हे बघा मॅडम, मन लावून घेऊ नका. कल्पना फसली असं लिहिलंत तर काचघरातलं हे टेबल सोडावं लागेल, रांगेत बरेच जण आहेत. पण मला वाटतं पाण्यात गडबड झाली. ते आपले पाणीकाका, वय झालंय त्यांचं. पाण्यातल्या हलगर्जीपणामुळे प्रयोग बिघडला असं लिहा, मी तुम्हाला आणखी एक हंगाम देतो. काकांना गेटवर पाठवू. पगार तोच राहील."

त्यांनी तसा कागद तयारच करून आणला होता. खाली बाईंच्या सहीची जागा मोकळी. आणि बाईंनी काही म्हणायच्या आतच दुसऱ्या दिवसापासून काका गेटवर उभे राहिले.

त्या संध्याकाळी आई काचघरात आल्या, लेक जेवायला घरी येईना म्हणून. त्या उपड्या बादलीवर बसल्या आणि बाईंनी त्यांना कागद दाखवला. आईंनी तो चष्म्याजवळ नेऊन वाचला.

"मग कर ना सही."

"आई, पाणी बरोबर होतं. मी रोज बघत होते."

"असेल. पण डोळे फोडून शिवलंय मी हे सगळं. ते एका सहीवाचून फुकट घालवायचं?"

"आणि काका?"

आईंनी कागद लेकीच्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "गेटवर सावली असते."

"तू तरी असं बोलू नकोस."

"मी काय बोलते? सगळं जग हेच बोलेल. मी निदान तुला डबा आणून बोलते."

बाईंनी पेन काढले. हे सांगायला मला जड जाते, पण जे घडले ते घडले. त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि कागदावर बराच वेळ नजर लावून बसल्या. मला त्या क्षणी त्यांचाही राग आला. मग त्यांनी टोपण लावले, माझ्या टबात खोलवर बोट खुपसले, आणि ओले बोट आईंपुढे धरले. आईंनी पदराने ते पुसले आणि डबा उघडला. सहीबद्दल पुन्हा कोणी बोलले नाही.

प्रयोगाचे पुढे काय, याचा निकाल लावायला संस्थेच्या समितीची बैठक साहेबांच्या खोलीत ठरली. काकांचा दोष नाही, माती खालपर्यंत ओली होती, हे दाखवायला बाईंनी एक टब सोबत नेला. तो माझा होता. म्हणून मी त्या टेबलावर, चहाच्या कपांच्या मध्ये, हजर होते. समितीत बाहेरून आलेल्या एक निवृत्त विदुषी होत्या. आयुष्यभर अळ्या पाळल्या म्हणून त्यांना सगळे अळीमावशी म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. बाईंना अळ्याही त्यांनीच दिल्या होत्या.

"माझ्या अळ्यांनी उपाशी ठेवल्यासारखं खाल्लं म्हणे," मावशी म्हणाल्या. "त्यांच्यावर तर ठपका नाही ना?"

बाईंनी टबातली माती दाखवली, पाण्याचे सगळे सांगितले आणि म्हणाल्या, "काकांकडून चूक झालेली नाही. मी सही करणार नाही."

साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली. "अहो, पाणी नाही तर मग काय? ऊन तेच, माती तीच. उलट पाहुणे आले त्या दिवशी मी स्वतः लक्ष घातलं. तुमची झाडं दाराकडे पाठ करून उभी होती. माळ्याला कुठे सांगत बसा, मीच कोट काढून फिरवले सगळे पाइप. एकेकाला अर्धा वेढा. फोटो किती छान आलाय बघितलात ना?"

खोलीत कोणाचा तरी चमचा बशीवर वाजला.

"सगळे?" बाईंनी विचारले.

"सगळे. भेदभाव नको."

"पांढऱ्या पट्टीचेही?"

"पट्ट्यांचं काय घेऊन बसलात? दर सोमवारी तुम्हीच तर फिरवता. मी खिडकीतून बघतो ना. उन्हासाठीच ना ते? माझ्या घरच्या गुलाबांना मी रोज वेढा देतो, म्हणून तर काठीसारखे सरळ आहेत."

अळीमावशींनी कप खाली ठेवला. "साहेब, या प्रयोगाच्या मंजुरीवर सही तुमचीच होती ना?"

"होती की."

"वाचून केली होती?"

साहेबांनी टेबलावरचा कागद इकडचा तिकडे केला. बाईंनी माझ्या काठाला हात घातला, मला टबातून उपसून काढले आणि सोबत आणलेले भिंग माझ्या खिडकीवर धरून मला साहेबांपुढे केले. जाळीच्या आत तुटलेल्या धाग्यांची टोके पांढऱ्या लवीसारखी चिकटलेली होती. त्यांच्या शेजारून नवे धागे निघत होते.

"हे तुम्ही तोडलंत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.  "तुटल्याचं मला काही नाही, धागे पंधरा दिवसांत पुन्हा जुळतात. तुम्ही त्याच दिवशी मला सांगितलं असतंत तर मी अळ्या सोडल्याच नसत्या. थांबले असते."

"पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेलं. आणि मला काय माहीत?"

"पाटी होती."

"ती पाटी बाहेरच्यांसाठी असते हो."

मावशी हसल्या, पण ते हसू बरे नव्हते. "म्हणजे टेलिफोनची तार कापायची, आणि मग म्हणायचं की पलीकडून कोणी बोलतच नाही. आणि वर पाणी घालणाऱ्याला गेटवर उभं करायचं."

साहेबांनी सारवासारव केली. प्रयोग पुन्हा करा म्हणाले. अहवालात 'काही तांत्रिक कारणांमुळे' असे लिहू म्हणाले, म्हणजे कोणालाच त्रास नको. बाई म्हणाल्या, तांत्रिक कारण त्या दिवशी कोट काढून उभे होते. नाव नको, पण 'संस्थेच्या प्रमुखांनी हाताने फिरवले' हे वाक्य अहवालात हवे, आणि काका काचघरात परत हवेत.

"मॅडम, भान ठेवा," साहेब म्हणाले. "ते वाक्य हवं असेल तर टेबल दुसऱ्याला जाईल. काकांचं नंतर बघू."

"मग टेबल द्या दुसऱ्याला," बाई म्हणाल्या.

त्या मला हातात घेऊन तशाच बाहेर पडल्या. टब मागेच राहिला. त्या थेट गेटवर गेल्या. काका स्टुलावर बसले होते, बाईंना पाहून उभे राहिले. सावली होती हे खरे.

"काका, पाणी बरोबर होतं."

काकांना आधी कळलेच नाही. मग त्यांनी हळूच विचारले, "म्हणजे माझ्याकडून नाही झालं?"

"नाही. साहेबांनी पाइप फिरवले होते. आता सगळ्यांपुढे बोलले."

काका खाली बघत राहिले. "जेवायला बसलो की घास हातात राहायचा, बाई. वाटायचं, कोपऱ्यातला टब आपल्याकडून सुटला असणार. रोज आठवून बघायचो. मग एक दिवस आठवलं की सुटलाच होता." ते कसेनुसे हसले. "बघा, खोटंच आठवलं."

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. काकांनी फाटक उघडले. सवयीने त्यांचा हात कपाळाकडे गेला. गाडीची काच खाली झाली नाही.

मित्रांनो, मला इथे थांबून सांगितले पाहिजे. माझा राग धाग्यांसाठी होता, तोपर्यंत तो लहान होता. एका माणसाने अर्ध्या वेढ्याची गोष्ट सांगितली नाही, म्हणून दुसरा माणूस न केलेली चूक आठवू लागला. ते ऐकले तेव्हा तो राग माझ्या जाळीत कायमचा बसला. कमरेवरच्या मातीसारखा.

पुढचे थोडक्यात सांगते. अळीमावशींच्या ओळखीने एका छोट्या कॉलेजचा पत्र्याचा व्हरांडा मिळाला. टेम्पोत आम्ही सगळी एकमेकांवर आपटत आलो. माझ्या काठाचा तडा त्या प्रवासातला. आई कंबर धरून आल्या आणि ज्यांची शिवण उसवली होती त्यांना पुन्हा टाके घातले. "फुकट गेलं नाही म्हणायचं," असे पुटपुटल्या. पुन्हा माती, पुन्हा घेवडा. पुन्हा माझ्या खिडकीत ती गुदगुली. या वेळी मला कोणी बोट लावले नाही. मग अळ्या आल्या, बाहेरच्या रोपाची पाने कुरतडली गेली, आणि माझ्या आतल्या रोपाचे पान भुकेल्या अळीपुढे ठेवले तेव्हा ती काठावर आली, तोंड लावले, आणि मागे फिरली. बाईंनी ते पान कितीतरी वेळ हातात धरून ठेवले होते.

लाल पट्टीवाल्यांची पाने मात्र अळ्यांनी खाल्ली. म्हणजे खबर जाते, आणि धाग्यांवाटेच जाते. बाईंचा लेख छापून आला. त्यात पहिला प्रयोग का फसला हेही आहे, आणि ते वाक्यही आहे, संस्थेच्या प्रमुखांनी फिरवले, असे सरळ. त्या वाक्यापायी बाईंची जुनी नोकरी गेली. आता त्या या कॉलेजात शिकवतात, कमी पगारावर. मुलांना मला हातोहात फिरवून दाखवतात, मुले "एवढंसं?" म्हणतात, आणि तास संपला की मी पुन्हा फळीवर. माझी उपेक्षा मला सलत नाही. पण साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत, तो फोटो अजून त्यांच्या दालनाबाहेर लावलेला आहे, आणि काका गेटवरूनच निवृत्त झाले. कोणी त्यांना परत बोलावले नाही. हे मला सलते.

तेव्हा माझी विनवणी ऐका, तिला विनवणी म्हणा की दटावणी म्हणा. वस्तू जपा, झाडे जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळे सांगते. तुमच्या हातून काही हलेल, तुटेल, सांडेल. हात आहेत म्हणजे ते होणारच. मातीतले धागे मोठ्या मनाचे असतात, त्यांना पंधरवडा दिला की ते पुन्हा जुळतात. पण तो पंधरवडा त्यांना मिळायचा तर कोणीतरी खरे बोलावे लागते. मोठे आहोत म्हणून, गडबड आहे म्हणून, एवढीशी तर गोष्ट म्हणून गप्प बसू नका. हात लागला असेल तर त्याच दिवशी सांगा. दोन दिवसांनी अळ्या सोडल्या जातात.